जुना कॉम्प्युटर दान करायचाय? आधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि तेव्हापासून कोल्हापुरात ओळखीच्या ऑफिसांत, दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो: "ह्या जुन्या मशीनचं काय करायचं? एखाद्या शाळेला देऊन टाकूया का?" विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ती नसलेली पण ठणठणीत चालणारी मशीन शाहूपुरीतल्या सीए ऑफिसपासून शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीपर्यंत पडून आहेत.

उत्तर आधीच सांगतो. मशीन चालू, साफ आणि सॉफ्टवेअर घालून तयार असेल, शिवाय तिकडं ते सांभाळणारा माणूस तुम्हाला नावानिशी माहीत असेल, तर जरूर द्या. यातलं एक जरी नसेल तर ते नीट भंगारात घाला, आलेल्या पैशात आपली भर टाका आणि शाळेला पुस्तकं घेऊन द्या. पहिल्यांदाच देणार असाल तर पुढचं सगळं वाचून मग फोन उचला.

आधी घेणाऱ्याची बाजू समजून घ्या

देणाऱ्याला वाटतं, फुकट आहे, नको कोण म्हणेल? खरी अडचण तिथंच आहे. नको म्हणता येत नाही म्हणून घेतलं जातं. मुख्याध्यापक सर बोलून दाखवत नाहीत, पण गावातल्याच माणसानं टेम्पो भरून आणलेलं सामान दारातून परत कसं पाठवणार?

शाळेत आलेली टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. एकदा चढली की ती बंद पडली म्हणून उचलून भंगारवाल्याला देता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू रजिस्टरमधून कमी करायचा प्रस्ताव करायचा, मंजुरी घ्यायची, तोवर ती सांभाळायची आणि तपासणीला साहेब आले की मोजून दाखवायची. म्हणून कितीतरी शाळांत एका खोलीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा कागद टाकून झाकलेले जाड मॉनिटर दिसतात. त्यांच्याबरोबर एक वर्गखोलीही अडकलेली असते. तुमची अडगळ सरांच्या रजिस्टरला गेली, एवढंच काय ते झालं.

तेव्हा पहिली पायरी फोनची. "कॉम्प्युटर हवाय का?" असं विचारू नका, त्याला "हो"च येणार. "आला तर रोज कोण वापरेल?" असं विचारा. "अमुक बाई सातवीला शिकवतात, त्यांना एक्सेल येतं" असं ठोस उत्तर आलं तर पुढं चला. "मुलांना उपयोग होईलच की" असं मोघम आलं तर थांबा. मग ठेवणार कुठं, त्या खोलीचं छत गळतं का, दाराला कुलूप आहे का, हे विचारा. लाइटचं कनेक्शन चालू आहे का, बिल कोण भरतं, हेही विचारा. जिल्हा परिषदेच्या शाळांत लाइट बिल हा रोजचा डोकेदुखीचा विषय आहे. जुना जाड मॉनिटर एकटाच ७० ते १०० वॅट खातो, त्याच मापाचा एलसीडी २० ते ३० वॅटमध्ये भागवतो. म्हणून जाड मॉनिटर कुणालाच देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, वजन मरणाचं, आणि बंद पडला तर दुरुस्त करणारा आता मिळत नाही.

अर्थिंगचं विचारायला लाजू नका. खेड्यात बऱ्याच ठिकाणी तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. अशा जागी सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात आणि पोरं घाबरून मशीनकडं फिरकत नाहीत. गावातल्या वायरमनकडून आधी अर्थिंग करून घ्या. तो खर्च तुम्ही उचललात तर कॉम्प्युटरपेक्षा मोठं दान झालं म्हणायचं.

कुणाला द्यावं?

शाळा हे सगळ्यांना पहिलं सुचतं, पण दरवेळी तीच जागा बरोबर असते असं नाही. माझी पसंती वसतिगृहांना आणि अभ्यासिकांना. शाळा पाचला सुटते आणि संगणक कक्षाला कुलूप लागतं. वसतिगृहात मात्र संध्याकाळी, रविवारी, सुट्टीत मशीन हाताळलं जातं. कोल्हापूरला वसतिगृहांची परंपरा नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढं जातीजातींच्या बोर्डिंगांची रांगच उभी राहिली. त्यांतली काही अजून चालू आहेत. तिथं भुदरगड, शाहूवाडी, चंदगडकडची पोरं राहतात आणि देखरेखीला रेक्टर हजर असतात.

घरी एकही कॉम्प्युटर नसलेल्या अकरावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला थेट देणं हाही चांगला मार्ग आहे. "आता सगळ्यांकडं मोबाइल आहे, कॉम्प्युटर कशाला?" असं म्हणणारे भेटतात. त्यांना सांगा की एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते, जेईई मेनही तशीच. मोबाइलवर वाढलेल्या पोराच्या हातात माउस पहिल्यांदा परीक्षा केंद्रावर आला तर त्याची मिनिटं प्रश्नांऐवजी माउसवर जातात. नोकरभरतीच्या बऱ्याच परीक्षांचंही आता तेच आहे.

गावच्या वाचनालयाला द्यायचा असेल तर पुस्तकांची यादी करणारा ग्रंथपाल तिथं नियमित येतो का, एवढं बघा. बचत गटाला हिशेबासाठी द्यायचा असेल तर लॅपटॉप द्या, बैठक कधी ह्या घरी तर कधी त्या घरी असते. आणि पूर्ण मेलेलं मशीन असेल तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या हार्डवेअर शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारून बघा. मुलांना खोलायला, जोडायला तसलंच लागतं. तिथं बंद मशीनलाही किंमत आहे.

मशीन देण्यालायक आहे का?

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. आय५-४५७० असं असेल तर डॅशनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी, इथं चौथी. आय५-१०४०० असा पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे बघा, म्हणजे दहावी.

ढोबळ नियम असा धरा. पेंटियम ४ च्या काळातलं काहीही सरळ भंगारात. कोअर टू ड्युओ काठावरचं आहे: चालतं, पण त्याला लागणारी डीडीआर२ रॅम नवी सहजी मिळत नाही आणि आजच्या वेबसाइट उघडताना ते घामाघूम होतं. दुसऱ्या पिढीच्या आय३ पासून पुढचं, डीडीआर३ रॅमचं मशीन देण्यालायक. तिसऱ्या-चौथ्या पिढीचं असेल तर उत्तमच. त्यात ८ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क टाकलीत की तुम्हालाच ते परत ठेवून घ्यावंसं वाटेल. रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, तेव्हा राजारामपुरीत दोन-तीन दुकानांत विचारून मगच घ्या. चांगली वापरलेली रॅमही चालते. एसएसडी मात्र नवीनच टाका.

आता डबा उघडा. स्विच बंद, वायर काढलेली. आत काय निघेल सांगता येत नाही. धूळ तर असतेच, कधी मुंग्यांचं वारूळ, कधी वाळलेली पाल. ब्लोअर नसेल तर रंगकामाचा कोरडा ब्रश चालतो. मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरची टोकं सपाट आहेत का बघा. फुगलेली किंवा चिकट द्रव गळलेली दिसली तर ते मशीन आज चालेल, तीन महिन्यांनी दगा देईल. तसलं देऊ नका.

चालू करताना नुसतं बीप-बीप होऊन पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, बहुतेक वेळा रॅमचंच दुखणं असतं. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, भुगा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजेपर्यंत पट्टी दाबून बसवायची. कुठल्याही रिपेअरिंगच्या दुकानात कारागीर आधी हेच करतो. ज्यांना द्यायचं त्यांनाही हे एकदा करून दाखवा, पुढच्या निम्म्या तक्रारी तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

दुसरी गोष्ट नाण्याएवढ्या सेलची. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा बटन सेल असतो. मशीन बंद असताना तारीख-वेळ तोच जपतो. तो उतरला की मशीन प्रत्येक वेळी कितीतरी वर्षं मागची तारीख घेऊन उठतं आणि मग एकही वेबसाइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" अशी पाटी येते. कारण वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला मुळात जन्मलेलंच नसतं. शाळेत सगळे समजतात नेट बंद आहे, नाहीतर मशीन बिघडलं. औषध म्हणजे किरकोळ किमतीचा एक सेल. देण्याआधी न विसरता नवा घाला.

हार्ड डिस्क ठेवणार असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तिची तब्येत बघा. पिवळा किंवा लाल शेरा आला तर ती डिस्क बाद. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर ती बॅटरी काढल्याशिवाय लॅपटॉप कुणाच्याही हातात देऊ नका, तिला आग लागू शकते.

आणि पुरातलं मशीन? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेलं, नंतर वाळवून "चालू झालेलं" मशीन अजून कुणाकडं असेल तर ते दानाच्या यादीतून काढा. आतला गंज थांबलेला नसतो.

तुमचा डेटा

इथं घाई नको. फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, अगदी क्विक फॉरमॅट मारलं, तरी फुकटातल्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, लग्नाचे फोटो परत वर येतात. सीए, वकील, डॉक्टर यांच्या मशीनवर तर दुसऱ्यांचे कागद असतात, तिथं "माझं काय जातंय" म्हणायची सोय नाही.

आधी जे हवं ते दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ते तिथं उघडतंय का बघा. टॅली असेल तर लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नव्या मशीनवर ते चालू करताना नाकीनऊ येतील. क्रोममधून, जीमेलमधून, व्हॉट्सअॅप वेबमधून बाहेर पडा.

मग पुसायचं. विंडोजमध्ये रीसेट करताना "सगळं काढून टाका" हा पर्याय निवडा आणि पुढं बदल करायची जागा येते तिथं ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करा. हा दुसरा पर्यायच महत्त्वाचा, बहुतेक जण तो सोडून देतात. साध्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण भरून पुसलं की घरगुती कामाला पुरे. ५०० जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एसएसडीला हे तितकं लागू पडत नाही. तिच्यासाठी त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली किंवा बायोसमधली (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमधली) सिक्युअर इरेज ही सोय वापरा.

धीर होत नसेल तर हार्ड डिस्क काढूनच घ्या आणि नवी एसएसडी टाकून द्या. जुन्या डिस्कला आरपार भोक पाडलं की विषय संपला. उद्यमनगरसारखी वर्कशॉपांची वस्ती असलेल्या गावात ड्रिल मशीन शोधत फिरावं लागणार नाही.

आत काय घालून द्यावं?

चोरीचं विंडोज घालून देऊ नका. दान घेणाऱ्या संस्थेच्या गळ्यात बेकायदा सॉफ्टवेअर अडकवायचं कशाला? मशीनबरोबर आलेलं मूळ विंडोज असेल तर तो परवाना मशीनसोबत जातो. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय, सुरक्षा अपडेटची वाढीव मुदतही मर्यादितच, पुढं त्याचं काय, हा प्रश्न राहतोच.

मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम घालावी म्हणेन, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दिसायला जुन्या विंडोजसारखी असल्यानं शिक्षकांना परकी वाटत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम दोनच जीबी असेल तर लुबुंटू, तीही लिनक्सचीच हलकी आवृत्ती. वर्ड-एक्सेलचं काम करणारं लिब्रेऑफिस त्यात आधीच असतं आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून ठेवा. अक्षरांचा तक्ता छापून टेबलाजवळ चिकटवा.

नेट नसेल असं धरूनच तयारी करा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, त्या शाळेला लागणाऱ्या इयत्तांची उतरवून डेस्कटॉपवर फोल्डर करा. किविक्स ह्या मोफत सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती टाका, पाचवीच्या पुढची पोरं त्यात रमतात.

मुलांसाठी एक आणि शिक्षकांसाठी एक अशी दोन खाती करा. पासवर्ड कागदावर लिहून सरांच्या कपाटात ठेवायला द्या. बदली झाली, पासवर्ड गेला आणि मशीन कायमचं गप्प बसलं, हे फार वेळा घडतं.

पोचवणं

जून ते सप्टेंबर नको. राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसात खोके कोरडे राहणं मुश्कील, शिवाय शाळेतल्या भिंतीही ओलसर असतात. दिवाळीनंतर न्या. वडापच्या जीपच्या टपावर टाकून पाठवू नका, मॉनिटर पडद्याला पडदा लावून, मध्ये चादर घालून, मागच्या सीटवर ठेवा. सोबत स्वतः जा. यूपीएस देत असाल तर त्याची बॅटरी नवी घाला. मेलेल्या बॅटरीचा यूपीएस म्हणजे नुसता जड एक्स्टेन्शन बोर्ड.

तिथं जोडून द्या, शिक्षकांच्या हातानं दोनदा बंद-चालू करून घ्या आणि एक गोष्ट निक्षून सांगा: "बाई, पावसाळ्यात दोन दिवसांआड अर्धा तास तरी चालू ठेवा." पावसाळाभर झाकून ठेवलेलं मशीन ऑगस्ट-सप्टेंबरात उठत नाही. चालू मशीनच्या उबेनं आतली ओल हटते.

कागदपत्रं

संस्थेकडून पोचपावती घ्या. तीवर मशीनचा सिरीयल नंबर लिहा. उद्या ते मशीन कुठं सापडलं तर ते तुम्ही कधीच दिलंय, हे दाखवता येतं. वस्तूरूपात दिलेल्या दानाला प्राप्तिकरात देणगीची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं ८०जी कलम) मिळत नाही, ती पैशानं दिलेल्या देणगीलाच. दोन हजारांच्या वर रोख दिली तर तीही नाही. कंपनीचं मशीन असेल तर आधी अकाउंटंटला सांगून मालमत्तेच्या यादीतून ते काढून घ्या. जुनी मशीन देऊन त्यांची किंमत सीएसआरच्या (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या) खर्चात धरता येत नाही, हेही संचालकांच्या कानावर घाला.

उरलेल्याचं काय?

चाळणी लावल्यावर बरंच सामान उरेल. ते रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलं की चार पैसे लगेच मिळतात, पण पुढं कुठंतरी वायरी जाळून तांबं काढलं जातं, बोर्ड ॲसिडात बुडवून सोनं काढलं जातं. तो धूर आणि ते पाणी कुणाच्या तरी वस्तीत जातं. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत नोंदणीकृत रिसायकलर आणि रिफर्बिशर (जुनं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे) यांची व्यवस्था आहे. एका आर्थिक वर्षात हजार किंवा त्याहून जास्त विद्युत उपकरणं वापरणाऱ्या मोठ्या संस्थांना तर आपला ई-कचरा अशा नोंदणीकृत ठिकाणीच देणं बंधनकारक आहे. नोंदणी खरी आहे का, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारता येतं. घरातलं एखादंच मशीन असेल तर सोसायटीतल्या, गल्लीतल्या चार घरांचं एकत्र करा, थोड्या मालासाठी गाडी येत नाही.

देण्याआधी त्या ढिगातून चालू पॉवर केबल, व्हीजीए केबल, माउस आणि सगळी बटणं शाबूत असलेले कीबोर्ड वेगळे काढून ठेवा. शाळेतलं मशीन बंद असल्याचा फोन येतो तेव्हा कितीदा तरी फक्त केबल उंदरानं कुरतडलेली असते.